कम्पेअर म्हणतो सारखे, इक्वल्स म्हणतो वेगळे

या अंकासाठी आलेले प्रश्न एकत्र वाचले तर जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. जावात दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे कोड एका ठिकाणी इक्वल्सने ठरवतं (सारखे असतील तर ट्रू, नाहीतर फॉल्स), दुसऱ्या ठिकाणी कम्पेअरटूने (लहान, मोठा की समान, आणि समान म्हणजे शून्य), आणि मधल्या मध्ये डेटा गायब. म्हणून यावेळी दुसरा विषय घेतलाच नाही. प्रश्न थोडे छाटलेत.

प्रश्न: सर, मी जावात रिपोर्टचं मॉड्यूल बघतो. रकमा बिगडेसिमलमध्ये (अचूक दशांश आकड्यांचा टाइप) आहेत, डुप्लिकेट काढायला त्या हॅशसेटमध्ये (एक वस्तू एकदाच ठेवणारा संच) टाकत होतो. मग रिपोर्ट चढत्या क्रमाने हवा असं आलं म्हणून हॅशसेट काढून ट्रीसेट (तसाच संच, पण क्रमाने लावून ठेवणारा) घातला, बाकी एका ओळीला हात लावला नाही, तर रिपोर्टमधल्या ओळीच कमी झाल्या. शोधत गेलो तर २.० आणि २.०० हे आधी दोन होते ते आता एक झालेत. हा जावाचा बग धरायचा का? — रिपोर्टवाला

उत्तर: बग नाहीये, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे सगळं, फक्त ते पान उघडायची वेळ अशी ओळ गायब झाल्यावरच येते.

बिगडेसिमल पोटात दोन आकडे ठेवतो, एक दशांश चिन्ह काढून टाकलेला पूर्णांक आणि दुसरा स्केल, म्हणजे चिन्हानंतर किती घरं. २.० म्हणजे २० आणि स्केल १, २.०० म्हणजे २०० आणि स्केल २. इक्वल्स दोन्ही आकडे जुळतात का बघतो, ते जुळत नाहीत म्हणून फॉल्स देतो. कम्पेअरटू नुसती किंमत बघतो, किंमत तीच म्हणून शून्य देतो. हॅशकोड (हॅशसेट वस्तू शोधायला वापरतो तो आकडा) अर्थातच इक्वल्सच्या बाजूचा, तो पूर्णांकाच्या हॅशला ३१ ने गुणून त्यात स्केल मिळवतो, म्हणून २.० चा हॅशकोड ६२१ येतो आणि २.०० चा ६२०२, पाहिजे तर प्रिंट करून बघा. आता हॅशसेट विचारतो हॅशकोडला आणि इक्वल्सला, त्याला हे दोन वेगळे दिसतात. ट्रीसेट इक्वल्सकडे ढुंकूनही बघत नाही, त्याचा सगळा कारभार कम्पेअरटूवर (किंवा तुम्ही दिलेल्या कम्पॅरेटरवर, म्हणजे तुलनेच्या वेगळ्या नियमावर), तिथून शून्य आलं की त्याच्या लेखी ती वस्तू आधीच आत आहे, विषय संपला.

कम्पेअरेबलच्या (कम्पेअरटू ज्यातून येतो तो इंटरफेस) डॉक्युमेंटेशनात असं म्हटलंय की कम्पेअरटूने शून्य द्यावं आणि इक्वल्सने ट्रू द्यावं हे एकाच वेळी व्हावं अशी जोरदार शिफारस आहे, पण सक्ती नाही. बिगडेसिमल हा त्या शिफारशीचा सगळ्यात प्रसिद्ध अपवाद. आणि अशा वेळी ट्रीसेट कसा वागेल हे ठरलेलं आहे, तो फक्त सेट या इंटरफेसचा करार पाळत नाही, हेही ट्रीसेटच्या डॉक्युमेंटेशनात मान्य केलेलं आहे. म्हणजे सेट या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ट्रीसेट ठेवला की समोरचा माणूस इक्वल्सचा नियम धरून चालतो आणि आत वेगळाच नियम चालू असतो, तुमचं नेमकं हेच झालंय.

मग इक्वल्स असा खडूस का ठेवला असेल? तर २.० ला ३ ने भागा, हाफ अप राउंडिंग लावा, उत्तर येतं ०.७. तेच २.०० ला भागा, उत्तर ०.६७. एकाच्या जागी दुसरा ठेवला तर उत्तर बदलतंय, मग त्यांना इक्वल कसं म्हणायचं, असा तो युक्तिवाद आहे. युक्तिवाद बरोबर आहे, तरी मला विचाराल तर रोज बिगडेसिमल वापरणाऱ्याला यातून फायद्यापेक्षा ताप जास्त झालाय.

तुमच्या केसमध्ये डेटा आत येतो तिथेच सेटस्केल लावून सगळ्या रकमा दोन घरांवर आणा, मग हॅशसेट घ्या नाहीतर ट्रीसेट, दोघं एकच उत्तर देतील. काही लोक स्ट्रिपट्रेलिंगझिरोज (शेवटची शून्यं काढून टाकणारी मेथड) वापरतात, चालतं, पण त्याने १०० चा आतला आकार १ आणि स्केल उणे २ होतो आणि नुसतं टूस्ट्रिंग केलं की वैज्ञानिक पद्धतीने छापून येतं, तेव्हा छापताना टूप्लेनस्ट्रिंग घ्या. आणि जावा ८ च्या आधी ०.०० या व्हॅल्यूवर ते काहीच करत नसे, जुनं सर्व्हर असेल तर लक्षात असू द्या. दोन घरं आणि एक घर हा फरक तुम्हाला खरंच टिकवायचा असेल तर ट्रीसेटला कम्पॅरेटर द्या, आधी नॅचरल ऑर्डर आणि देनकम्पेअरिंगमध्ये (पहिली तुलना समान आली तरच लागणारी दुसरी) स्केल. युनिट टेस्टमध्ये असर्टइक्वल्स २.० आणि २.०० वर फेल होतं तेही याच कारणाने, असर्टजे ही टेस्टची लायब्ररी वापरत असाल तर इजइक्वलबायकम्पेअरिंगटू आहे.

जाता जाता एक गंमत, जावा ८ च्या स्ट्रीमची. २.०, २.००, २.० अशी लिस्ट घ्या. आधी डिस्टिंक्ट (डुप्लिकेट काढणं) आणि मग सॉर्टेड (क्रम लावणं) केलं तर दोन व्हॅल्यू राहतात. आधी सॉर्टेड आणि मग डिस्टिंक्ट केलं तर तीनच्या तीन राहतात! कारण सॉर्ट झालेल्या स्ट्रीमवर डिस्टिंक्ट वेळ वाचवायला फक्त शेजारच्या व्हॅल्यूशी इक्वल्स करतो, आणि सॉर्टला तिघेही समान असल्यामुळे त्याने त्यांना जागचं हलवलेलंच नसतं, २.०० मध्ये येऊन बसतो आणि दोन्ही २.० एकमेकांना भेटतच नाहीत.

प्रश्न: ताई, माझा टास्क नावाचा क्लास आहे, कम्पेअरटू मध्ये फक्त प्रायॉरिटीची तुलना करते. इक्वल्स आयडीवर आहे. प्रायॉरिटीक्यूमध्ये (प्रायॉरिटीप्रमाणे एकेक काढून देणारी रांग) सगळे टास्क नीट राहतात, ट्रीसेटमध्ये टाकले की बरेच नाहीसे होतात, एक्सेप्शन पण नाही. ट्रीमॅपमध्ये (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या क्रमाने ठेवणारा) तर त्याहून विचित्र काहीतरी होतंय, ‘की’ (key) एका टास्कची आणि व्हॅल्यू दुसऱ्याची. — बॅकएंडमधली नवीन

(या सदरात लोक मला सर म्हणतात, ताई म्हणतात, दादा म्हणतात, सगळं चालतं.)

उत्तर: मेरिट लिस्टमध्ये दोन मुलांना सारखे मार्क असले तर दोघांचा नंबर एक येतो, म्हणून ऑफिस एकाचं नाव खोडत नाही. तुझ्या कम्पेअरटूने नंबर सांगितला आणि ट्रीसेटने त्याचा अर्थ माणूस तोच असा घेतला. प्रायॉरिटी ५ असलेला पहिला टास्क आत गेला, दुसरा ५ वाला आला, कम्पेअरटू शून्य, ॲड ने फॉल्स परत दिला. त्याने सांगितलं होतं ग, की घेतला नाही म्हणून! पण ॲडची रिटर्न व्हॅल्यू सहसा कोणी बघत नाही.

ट्रीमॅपचं विचित्र वाटतंय ते असं. पुटमध्ये शून्य आलं की तो जुनी की तशीच ठेवतो आणि फक्त व्हॅल्यू बदलतो. म्हणजे की राहिली आयडी १०१ च्या टास्कची आणि तिच्यासमोर व्हॅल्यू आली आयडी २०५ ची, लॉगमध्ये बघणाऱ्याला वाटणार की कोणीतरी डेटा उलटापालटा केलाय. हॅशमॅपही जुनी कीच ठेवतो खरं तर, पण तिथे दोन्ही की इक्वल असल्यामुळे कोणाला काही कळत नाही.

प्रायॉरिटीक्यूला डुप्लिकेटचं वावडं नाही, तो कम्पेअरटू फक्त पुढेमागे लावायला वापरतो, आणि रिमूव्ह किंवा कंटेन्स केलं की इक्वल्स वापरतो. एकाच क्लासच्या आत दोन नियम, पण ते दोन वेगळ्या कामांना वाटून दिलेत म्हणून तिथे बोंब होत नाही. लिस्ट सॉर्ट करण्याचंही तसंच, शून्य आलं तर दोघं मूळ क्रमाने शेजारी बसतात, जावात ऑब्जेक्टचा सॉर्ट स्टेबल आहे, काहीही हरवत नाही. त्यामुळे सॉर्टला दिलेला प्रत्येक कम्पॅरेटर इक्वल्सशी जुळलाच पाहिजे असं जे कोणी कोड रिव्ह्यूत म्हणतात ना, त्यांचं ऐकू नकोस, उगाच ताण आहे तो. प्रश्न येतो तो शून्याचा अर्थ डुप्लिकेट असा लावणाऱ्या कंटेनरमध्येच, म्हणजे ट्रीसेट, ट्रीमॅप आणि त्यांची स्किपलिस्टवाली कॉन्करंट भावंडं.

तू दोन गोष्टी कर. कम्पॅरेटर लिहिताना प्रायॉरिटीनंतर देनकम्पेअरिंगमध्ये आयडी टाक, म्हणजे शून्य फक्त आयडी जुळली तरच येईल. आणि टास्कमधून कम्पेअरेबल काढूनच टाक. टास्कचा असा एक नैसर्गिक क्रम कुठे असतो, कधी प्रायॉरिटीने हवे, कधी तारखेने, कधी नावाने, जिथे जो क्रम हवा तिथे त्या नावाचा कम्पॅरेटर दे. अजून एक बघून घे, आयडी तीच आणि प्रायॉरिटी बदललेली अशा दोन कॉपी तुझ्याकडे फिरत असतील तर इक्वल्स ट्रू पण कम्पेअरटू शून्य नाही अशी उलटी विसंगती येते, मग एकच टास्क ट्रीसेटमध्ये दोनदा दिसेल. आणि ट्रीसेटमध्ये बसलेल्या टास्कची प्रायॉरिटी सेटरने बदलू नकोस, झाड तिला जुन्या जागी ठेवतं आणि शोधताना नव्या वाटेने जातं, समोर असून सापडत नाही. आधी काढ, बदल, परत घाल.

प्रश्न: डबलच्या (दशांश आकड्यांचा टाइप) एनएएन बद्दल, म्हणजे ‘नॉट अ नंबर’ या व्हॅल्यूबद्दल, एकदा सरळ सांगाल का, == काहीतरी म्हणतो, इक्वल्स काहीतरी. — गोंधळलेला

उत्तर: प्रिमिटिव्हवर, म्हणजे ऑब्जेक्ट नसलेल्या साध्या आकड्यावर, == लावलं तर एनएएन कोणाशीच इक्वल नाही, स्वतःशी पण नाही, आणि ०.० व -०.० एकच. डबल या रॅपरचा (तोच आकडा गुंडाळलेला ऑब्जेक्ट) इक्वल्स बरोबर उलटं बोलतो, एनएएन स्वतःशी इक्वल आणि ०.० व -०.० वेगळे. डबलचा कम्पेअर इक्वल्सच्या बाजूने आहे, तो एनएएनला सगळ्यात मोठा धरतो, इन्फिनिटीपेक्षाही, आणि -०.० ला ०.० च्या आधी लावतो. म्हणजे रॅपरच्या आत सगळं सुसंगत आहे, भांडण फक्त प्रिमिटिव्हशी. तुम्ही लहान असेल तर -१, मोठा असेल तर १, नाहीतर ० असं हाताने लिहिलंत की एनएएन सगळ्या जगाशी समान ठरतो आणि सॉर्टची वाट लागते, म्हणून डबल डॉट कम्पेअर वापरा.

प्रश्न: दादा, युजरनेम केस न बघता ठेवायचे म्हणून ट्रीसेटला केस इन्सेन्सिटिव्ह ऑर्डर दिली. ब्लॉक झालेल्या नावांची लिस्ट येते, ती मी रिमूव्हऑल ने काढतो. डेव्हला कायम चालतं. टेस्टिंगवाली म्हणते कधी चालतं कधी नाही, आणि ती लिस्ट मोठी असली की चालत नाही म्हणते. लिस्टच्या साइजचा काय संबंध? — वैतागलेला डेव्हलपर

उत्तर: संबंध आहे, आणि तुमच्या टेस्टरने ते अचूक पकडलंय, तिला चहा पाजा.

रिमूव्हऑल ट्रीसेटचा स्वतःचा नाहीये, तो वरून ॲबस्ट्रॅक्टसेटमधून येतो, आणि तो आधी दोघांची साइज बघतो. सेट मोठा असेल तर लिस्टवर फिरतो आणि एकेक नाव सेटमधून रिमूव्ह करतो, म्हणजे तुलना सेटच्या कम्पॅरेटरने होते. सेट लिस्टएवढाच किंवा लहान असेल तर उलटा फिरतो, सेटमधलं एकेक नाव घेऊन लिस्टला विचारतो की हे तुझ्यात आहे का, आणि लिस्ट उत्तर देते इक्वल्सने. कमी फेऱ्या व्हाव्यात म्हणून केलेली युक्ती आहे ती, आणि दोन्ही नियम एकच असते तर कोणाला कळलीही नसती.

करून बघा. सेटमध्ये स्मॉल अक्षरांत ॲडमिन, गेस्ट, टेस्टर अशी तीन नावं ठेवा. लिस्टमध्ये कॅपिटल अक्षरांत एकच ॲडमिन ठेवून रिमूव्हऑल करा, तीन मोठं की एक, तीन, म्हणून सेटचा कम्पॅरेटर लागतो आणि ॲडमिन निघतो. आता सेट पुन्हा तसाच भरा आणि लिस्टमध्ये त्या कॅपिटल ॲडमिनच्या जोडीला कुठलीही दोन फालतू नावं घाला. तीन तीनपेक्षा मोठं नाही, फिरणं उलटं झालं, लिस्टच्या इक्वल्सला स्मॉल आणि कॅपिटल वेगळे, ॲडमिन आपल्या जागी मजेत. म्हणजे ब्लॉक लिस्टमध्ये दोन नावं वाढवली म्हणून तिसऱ्याच माणसाचा ब्लॉक उठला, सिक्युरिटीच्या दृष्टीने किती वाईट आहे हे वेगळं सांगायला नको.

लिस्टवर फॉरईच लावून सेटचा रिमूव्ह बोलवा, मग दिशा तुमच्या हातात राहते. याहून बरं म्हणजे नाव सिस्टीममध्ये शिरतानाच स्मॉल करून घ्या (टूलोअरकेसला लोकॅल रूट द्या, कारण टर्किश लोकॅलमध्ये कॅपिटल आय चं स्मॉल रूप बिंदूशिवाय येतं) आणि साधा हॅशसेट वापरा. याच प्रकारातली अजून एक खोड, असा ट्रीसेट आणि साधा हॅशसेट एकमेकांशी इक्वल्स करून बघा. ट्रीसेटमध्ये स्मॉल ॲडमिन, हॅशसेटमध्ये कॅपिटल. ट्रीसेट म्हणतो आपण इक्वल, हॅशसेट म्हणतो नाही. कोणाला आधी विचारलं त्यावर उत्तर.

प्रश्न: प्रॉडक्शनवर अधूनमधून इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं, कम्पॅरिझन मेथडने जनरल कॉन्ट्रॅक्ट मोडला असा मेसेज. लोकलला शंभरदा चालवलं, येत नाही. कम्पॅरेटर अगदी साधा आहे, दोन स्कोअरची वजाबाकी. — ऑन कॉल

उत्तर: ती साधी वजाबाकीच नडतेय. एका स्कोअरची किंमत दोनशे कोटी आणि दुसऱ्याची उणे दोनशे कोटी समजा, वजाबाकी यायला हवी चारशे कोटी, पण इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात, म्हणून हातात येतं −२९४९६७२९६. मोठा आकडा लहान ठरला. इंटिजर डॉट कम्पेअर लिहायला वजाबाकीपेक्षा चार अक्षरं जास्त लागतात, तेवढी लिहा. स्कोअर कधीच उणे नसतात असं म्हणाल तर ठीक, उणे नसलेल्या दोन इंटची वजाबाकी फुटत नाही, पण मग उणे एक म्हणजे माहिती नाही असली सेंटिनल व्हॅल्यू कुठे नाही ना, किंवा इंटची सर्वात लहान व्हॅल्यू कोणी डिफॉल्ट म्हणून भरत नाही ना, ते शोधा.

लोकलला का येत नाही? जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ऑब्जेक्टच्या सॉर्टला टिमसॉर्ट आहे, मूळचा टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला. ३२ पेक्षा कमी एलिमेंट असले की जावाचा टिमसॉर्ट मर्ज (क्रम लावलेले तुकडे एकत्र जोडणं) करतच नाही, बायनरी इन्सर्शनने काम उरकतो, आणि हे एक्सेप्शन फक्त मर्ज करताना हिशोब जुळेना झाला तरच फेकलं जातं. तुमच्या लोकल डेटाबेसमध्ये वीस ओळी असणार. तिथेही क्रम चुकीचाच लागत असतो, फक्त तक्रार होत नाही. मोठ्या डेटावरही दरवेळी पकडलं जाईल याची खात्री नाही, कारण तो तपासणी करायला बसलेला नसतो, चालता चालता ठेच लागली तर ओरडतो एवढंच.

वजाबाकी काढूनही येत राहिलं तर आणखी तीन ठिकाणी बघा. नल (व्हॅल्यूच नसणं) हाताळताना पहिला नल असेल तर -१ असं लिहिलेलं असतं आणि दोन्ही नल असले तरी -१ च येतं, म्हणजे अ हा ब पेक्षा लहान आणि ब हा अ पेक्षा लहान. दुसरं म्हणजे जवळजवळ समान म्हणून शून्य देणं. फरक १ पेक्षा कमी तर शून्य असं धरलं तर ०.० आणि ०.६ समान, ०.६ आणि १.२ समान, पण ०.० आणि १.२ समान नाहीत, असा शून्याचा अर्थ कुठल्याच सॉर्टला पचत नाही. तिसरं, सॉर्ट चालू असताना दुसरा थ्रेड तेच फील्ड बदलतोय, लास्ट सीनचा टाइम वगैरे, हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातं. आणि जुन्या मर्जसॉर्टवर परत नेणारी सिस्टीम प्रॉपर्टी आहे ती लावून मेसेज बंद करू नका, क्रम चुकीचा तो चुकीचाच राहतो.

प्रश्न: हे सगळे जावाचे नखरे आहेत का? आम्ही कॉटलिनवर चाललोय, काहीजण रस्ट म्हणतायत. — टीम लीड

उत्तर: कॉटलिनमध्ये तर ते उघड्यावर येतं. == इक्वल्सकडे जातं आणि <, <=, >= ही कम्पेअरटूकडे जातात, त्यामुळे त्याच २.० आणि २.०० वर अ <= ब खरं, अ >= ब खरं, आणि अ == ब खोटं. ग्रूव्ही या भाषेने उलटा रस्ता धरला, ऑब्जेक्ट कम्पेअरेबल असेल तर == कम्पेअरटूलाच विचारतं, मग तिथे हे दोन इक्वल, पण हॅशसेटला अजूनही वेगळे.

पायथनच्या डेसिमलमध्ये आणि सी शार्पच्या डेसिमलमध्ये २.० व २.०० इक्वल आहेत आणि हॅशही एकच, सामान्य माणसाला जे वाटतं तेच. पायथनचा डेटाक्लास मला या बाबतीत आवडतो, ऑर्डर ट्रू केलं की इक्वॅलिटी आणि तुलना एकाच फील्डच्या यादीवरून तयार होतात, एखादं फील्ड कम्पेअर फॉल्स केलं की दोन्हीकडून एकदमच बाहेर, जुळवत बसायची गरजच नाही.

सी प्लस प्लसमधला सेट == ला कधीच विचारत नाही. अ < ब आहे का, नाही, ब < अ आहे का, तेही नाही, मग समान. म्हणूनच तिथे कम्पॅरेटरमध्ये < च्या जागी <= लिहिलं की सगळं कोसळतं, प्रत्येक वस्तू स्वतःपेक्षा लहान होते. सी प्लस प्लस २० मध्ये स्पेसशिप ऑपरेटर (लहान, समान की मोठं हे एकदम सांगणारा) आला आणि त्यासोबत ऑर्डरिंगचे तीन टाइप, स्ट्राँग, वीक आणि पार्शल. वीक म्हणजे समान ठरले तरी तीच वस्तू असेलच असं नाही, हे आता रिटर्न टाइपमध्येच लिहिता येतं, झकास काम केलंय. एक खोच आहे, स्पेसशिप डिफॉल्ट ठेवला तर == पण मिळतं, स्वतः लिहिलात तर == मिळत नाही, तेही तुम्हीच लिहायचं.

रस्टमध्ये ऑर्ड या ट्रेटचा (जावाच्या इंटरफेससारखा) नियम आहे की तुलनेचं उत्तर इक्वल आलं तर == पण खरं असलंच पाहिजे, जावासारखी नुसती शिफारस नाही. कंपायलर ते तपासू शकत नाही, पण फ्लोटला ऑर्ड मुळातच दिलेला नाही, त्यामुळे एफ६४ ची (दशांश आकड्यांची) व्हेक्टर नुसत्या सॉर्टने लावायला गेलात की कंपाइल होतानाच अडवतो. टोटल सीएमपी नावाचं फंक्शन त्यासाठी आहे. जावास्क्रिप्टचं काय सांगू, नल >= ० खरं, नल > ० खोटं, नल == ० पण खोटं, कारण >= तिथे < चं उलटं करून काढलं जातं.

प्रश्न: मग इक्वल्समध्ये सरळ कम्पेअरटू शून्य आहे का एवढंच लिहिलं तर? — शॉर्टकटवाली

उत्तर: लिहिता येतं, आणि हॅशकोड त्याच फील्डवरून काढलात तर बरोबरही आहे. पण कम्पेअरटूमध्ये नलवर एक्सेप्शन फेकायचं असतं आणि इक्वल्समध्ये नल किंवा भलत्याच टाइपचा ऑब्जेक्ट आला तर गुपचूप फॉल्स द्यायचं असतं, तेवढी तपासणी आधी ठेवा. त्याआधी मात्र ठरवा की तुमच्या क्लासला सारखेपणा एकच आहे की दोन. जावाच्या ऑफसेटडेटटाइममध्ये दोन आहेत, आणि त्यांनी ते छान निस्तरलंय. +०२:०० मधले १०:०० आणि +००:०० मधले ०८:०० हा जगातला एकच क्षण. इजइक्वल म्हणतो एकच. इक्वल्स म्हणतो वेगळे, कारण ऑफसेट वेगळा. आणि कम्पेअरटू आधी क्षण बघतो, तो जुळला तर पुढे लोकल वेळ बघतो, मुद्दाम, शून्य येऊ नये म्हणून, म्हणजे इक्वल्सशी त्याचं बरोबर जमतं. क्षण एकच का हा प्रश्न ज्याला पडलाय त्याच्यासाठी वेगळ्या नावाची मेथड. बिगडेसिमलला अशी एक मेथड असती तर या सदरातला पहिला प्रश्न आलाच नसता.

प्रश्न: मराठी शब्दांची यादी इंपोर्ट करतो. हॅशसेटने डुप्लिकेट काढून डेटाबेसला देतो तरी युनिक की ची (तीच व्हॅल्यू दोनदा नको या नियमाची) एरर येते. आणि उलटं, ‘दुसऱ्या’ हा शब्द यादीत दोनदा दिसतो, दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे, हॅशसेटला वेगळे. — कोशवाला

उत्तर: पहिल्याचं कारण कोलेशन, म्हणजे डेटाबेस अक्षरांची तुलना कशी करतो त्याचे नियम. मायएसक्यूएल ८.० चं डिफॉल्ट कोलेशन केस आणि ॲक्सेंट दोन्ही बघत नाही, आणि युनिक इंडेक्स त्याच कोलेशनने तुलना करतो, तुमचा हॅशसेट मात्र एकेक कोड युनिट बघतो. दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या नियमावर आणा. शब्दकोशाला मी त्या कॉलमवर बायनरी कोलेशन देईन, आणि सर्चसाठी वेगळा कॉलम.

दुसऱ्याचं कारण तो ऱ आहे. तो एकच कॅरेक्टर म्हणून येतो, यू+०९३१, किंवा र आणि त्यापुढे नुक्ता असे दोन येतात. दिसायला तेच, युनिकोडच्या नियमाने समतुल्य, पण स्ट्रिंगचा इक्वल्स फॉल्स, आणि डीकंपोझिशन चालू केलेला कोलेटर (भाषेच्या नियमाने तुलना करणारा क्लास) शून्य देतो. इंपोर्टच्या पहिल्याच पायरीला नॉर्मलायझर लावून एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकत्र जोडलेलं रूप) करा, दोन्ही रूपं यू+०९३१ वर येतील. एवढ्याने सगळे सुटणार नाहीत पण. काही जुन्या कीबोर्डवरून तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र हा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर) असा टाइप झालेला असतो, तो युनिकोडच्या लेखी समतुल्य नाही आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. तो बदल तुम्हालाच लिहावा लागेल, र, हलंत, जॉइनर दिसलं की ऱ आणि हलंत, आणि हे हॅशसेटमध्ये टाकायच्या आधी.